टाचेचा दगड

दोरवाल्याच्या बापानं वळलेल्या दाव्यानं एकदा एक बैल झाडाला बांधला होता. बैल बिथरला, त्यानं हिसका दिला, झाड मुळासकट उपटलं आणि बैल झाड ओढत पलीकडच्या वस्तीत निघून गेला. दावं जसंच्या तसं. त्या वस्तीतल्या लोकांनी पुढं ते झाड तिथंच रोवलं, आणि त्याच्या सावलीत मी स्वतः बसलोय. कुणाला पटत नसेल तर न पटो. सावली त्यानं कमी होत नाही.

या बापाला डोळे नव्हते. लहानपणी आले, ते जाताना नजर घेऊनच गेले. पण दोर वळायच्या धंद्यात त्याचं कुणाला काही वाटत नसे, कारण हा धंदाच उलट्या पावलांचा. एका टोकाला लाकडी चाक असतं, ते एकानं फिरवायचं. दुसऱ्यानं घायपाताच्या पानांतल्या तंतूंचा वाख कमरेभोवती गुंडाळायचा, त्यातले चार धागे चाकाच्या आकड्यात अडकवायचे आणि मागं मागं चालत सुटायचं. चाक पीळ देतं, बोटं वाख सोडत जातात, आणि माणूस जितका मागं जाईल तितका दोराचा पदर लांबत जातो.

"मागं चालणाऱ्याला डोळ्यांचा उपयोग काय? ते तर पुढं बसवलेत," म्हातारा म्हणायचा. "या धंद्यात सगळेच आंधळे. मी कबूल तरी करतो."

त्यांची गल्ली गावाच्या कडेला होती. सरळ, लांब, दोन्ही बाजूंनी काटेरी कुंपण. अलीकडच्या टोकाला घर आणि चाक. पलीकडच्या टोकाला म्हाताऱ्यानं आपल्या हातानं एक दगड पुरलेला. मागं चालता चालता टाच त्या दगडाला लागली की तो ओरडायचा, "पोचलो." मग चाकावरचा मुलगा चाक थांबवायचा. असे तीन पदर झाले की ते एकत्र वळायचे. वळताना दोर आखडतो, पण तेही त्या लांबीत धरलेलं होतं. चाकापासून दगडापर्यंतचे तीन पदर वळले की जो दोर व्हायचा, तो गावच्या विहिरीच्या तळाला टेकायचा. गावानं गल्ली या घराला वापरायला दिली होती ती याच बोलीवर. विहिरीचा दोर या घरानं द्यायचा, तोवर गल्ली या घराची.

पावसाळा सरता सरता म्हातारा त्या दगडापाशीच बसला आणि उठला नाही. मुठीत वाख होता. मुलानं एकेक बोट उघडून तो सोडवला. त्यातला एक धागा त्यानं आपल्या मनगटाला गुंडाळला, आणि पुढं कित्येक दिवस चाकाला हात लावला नाही. गल्लीत गवत माजलं. त्याच दिवसांत पलीकडच्या टोकाला राहणाऱ्या दूधवाल्यानं नवा गोठा बांधला.

मग एके सकाळी मुलगा उठला, गवत कापलं, चाकाला तेल दिलं आणि बायकोला म्हणाला, "तू चाकावर बस."

"आणि तुम्ही?"

"बाबांच्या टोकाला."

त्या टोकाला तो कामासाठी जन्मात गेला नव्हता. त्याचा जन्म चाकावर गेला, बापाच्या तोंडाकडं बघत. डोळे उघडे ठेवून त्यानं वाख सोडायला सुरुवात केली, तर बोटं अडखळायला लागली. कुठं जाड, कुठं बारीक. डोळे मिटले आणि बोटांना वाट सापडली. आकड्याकडून पिळाचा एक हलका ओढा पदरातून येत होता. इतकी वर्षं हा ओढा तो बापाकडं पाठवत होता, आज तो त्याच्याच हातात येऊन पोचत होता. त्यानं डोळे उघडलेच नाहीत. टाच दगडाला लागली तेव्हा थांबला. बोलला मात्र काही नाही. बायकोनं तो थांबलेला पाहिला आणि चाक थांबवलं. "पोचलो" हा शब्द बापाचा होता, तो त्यानं बापाकडंच राहू दिला.

दोर झाला, विहिरीवर चढला. पाणी वर होतं तोवर सगळं ठीक चाललं.

त्या वर्षी पाऊस असाही नावालाच पडला होता. ऊन वाढलं तसं पाणी खाली खाली जायला लागलं. एके दिवशी सकाळी पाणक्यानं पोहरा सोडला. पाणक्या म्हणजे घरोघर पाणी भरणारा, खांदे बैलासारखे आणि तोंड त्याहून मोठं. दोर संपला. पोहरा पाण्यावर लोंबकळत राहिला. पाण्यात त्याचं बूड दिसत होतं, दोघांच्या मधे एका पुरुषाची उंची.

"बोलवा त्या दोरवाल्याला," पाणक्या म्हणाला.

दोरवाला आला. वाकून बघितलं. भोवती घागरी घेतलेल्या बायका, त्यांच्यात पुढं सुईण. अर्ध्या गावाला तिनं उलटं धरून पहिली थापटी दिलेली, त्यामुळं तिच्यासमोर मिशा पिळायची कुणाची छाती होत नसे.

"काय रे," सुईण म्हणाली, "तुझ्या बापाला दिसत नव्हतं तर दोर पुरायचा. तुला दिसतंय तर पुरत नाही?"

बायका हसल्या. दोरवाल्यानं मान खाली घातली. "पीळ जास्त बसला असेल. आखडला."

"माझे खांदेपण आखडलेत," पाणक्या म्हणाला. "त्यांना काय सांगू?"

तोवर म्हणून जुन्या दोराचा एक तुकडा खाली गाठ मारून जोडला. ती गाठ रहाटात शिरताना दर खेपेला अडकायची. पाणक्या दर खेपेला वाकून ती बोटांनी ढकलायचा आणि दर खेपेला दोरवाल्याच्या घराकडं तोंड करून एक शिवी द्यायचा. दोन दिवसांत त्याच्या बोटांची सालं निघाली आणि शिव्याही संपल्या. मग तो पहिल्यापासून सुरू करायचा.

दूधवाला हे सगळं रोज ऐकत होता. गोरा, गुबगुबीत, बोलताना तोंडात लोणी असल्यासारखा बोलणारा. तो एका संध्याकाळी विहिरीवर सहज बोलल्यासारखं म्हणाला, "बाजारात तयार दोर मिळतो. हवा तेवढा लांब. उगाच त्या पोराला कशाला त्रास? आणि मग ती गल्लीही मोकळी पडेल. माझ्या म्हशींना फिरायला जागा नाही."

पाणक्यानं ते दोरवाल्याच्या कानावर घातलं. वर म्हणाला, "पुढच्या बाजारापर्यंत वाट बघतो. तुझ्या बापासाठी. नंतर माझ्या बोटांसाठी मला दुसरीकडं बघावं लागेल."

दोरवाला टेकडीवर गेला. दिवसभर घायपाताची पानं कापली, खाली आणली, ठेचली, धुतली. त्या चिकानं हात कोपरापर्यंत खाजायला लागले. बायकोनं तेल लावलं, तर म्हणाला, "राहू दे. बाबा म्हणायचे, खाज सुटली की समजावं वाख चांगला आहे."

"मग हा फारच चांगला दिसतोय," बायको म्हणाली. "मलाही सुटलीय."

वाख वाळला. दोघं कामाला लागली. या वेळी त्यानं पीळ कमी ठेवला. बायकोला चाक हळू फिरवायला लावलं. डोळे मिटून मागं मागं गेला, टाच दगडाला लागली, थांबला. तीन पदर झाले. तीन खाचांचा लाकडी ठोकळा पदरांमधे धरून सावकाश दोर वळला. झाला दोर, पण हातात धरला तर सैल, म्हाताऱ्या बाईच्या वेणीसारखा. आणि विहिरीत सोडला तर पुन्हा पोहरा पाण्याच्या वरच.

"वा," सुईण म्हणाली. "पहिला आखूड होता. हा आखूड आहे आणि मऊपण आहे. पाळण्याला चालेल."

घरी आल्यावर बायको म्हणाली, "गल्ली एकदा मोजू या का?"

"कशाला? दगड बाबांनी लावलाय."

"दगड बाबांनी लावलाय, पण..."

"पण काय? आयुष्यभर त्यांनी कधी मोजली? टाच लागली की पोचलो. चूक हातात आहे, गल्लीत नाही."

तो रागावला नव्हता. त्याला भीती वाटत होती, आणि बायकोला ती दिसत होती. बापाचं सगळं त्यानं घेतलं होतं, चाक, ठोकळा, मिटलेले डोळे. आता घेतलेल्यातलं नेमकं काय निसटलं, तेवढं त्याला कळत नव्हतं. तो ओसरीवर बसून आपलेच तळहात उलटेसुलटे करून बघत राहिला, जणू त्यांच्यात कुठं भोक पडलंय.

आणि त्यातच दूधवाल्याची म्हैस सुटली.

सुटली ती थेट सुईणीच्या परसात. वांगी खाल्ली, मिरची तुडवली, आणि जाताना वाळत घातलेलं लुगडं शिंगाला अडकवून गावभर मिरवत गेली. सुईणीनं ते लुगडं परत मिळवलं तेव्हा ते लुगडं राहिलं नव्हतं. ती दूधवाल्याच्या दारात उभी राहिली. काय बोलली ते मी लिहीत नाही, कागद पेटेल. दूधवाला हात जोडून म्हणाला, "मावशी, माझा काय दोष? दावं त्या दोरवाल्याचं. विहिरीला पुरत नाही, म्हशीलाही पुरत नाही. आज तिसऱ्यांदा सुटलीय."

हे बोलणं दुपारपर्यंत गल्लीच्या या टोकाला पोचलं. दोरवाला जेवत होता. हात धुतले आणि उठला.

"भांडू नका," बायको म्हणाली.

"भांडायला नाही. दावं बघायला जातोय. ते बाबांनी वळलेलं आहे, मी नाही."

गोठ्यात तीन म्हशी. दोन दोन्हीकडच्या भिंतींलगत, एक मधे. मधलीच ती लुगडंवाली. परत आणून बांधली होती, आता रवंथ करत होती, चेहरा असा की वांगी कधी पाहिलीच नाहीत. दोरवाल्यानं तिचं दावं हातात घेऊन टोकापासून टोकापर्यंत बोटांतून ओढलं. एकही धागा तुटला नव्हता. टोकाला खुंटा जसाच्या तसा बांधलेला.

"दावं तुटलं कुठं? खुंटा उपटलाय."

"एकूण एकच," दूधवाला म्हणाला. "सुटली ना?"

"तिघींना दावी बाबांचीच. मग मधलीच का सुटते?"

"ती द्वाड आहे."

दोरवाल्यानं खुंट्याकडं पाहिलं. टोक बोथट होऊन फुलासारखं पसरलं होतं. "घण दे."

त्यानं खुंटा उभा धरला आणि घण मारला. खुंटा टणकन वाजला, हातातून सुटून उडाला आणि म्हशीच्या पाठीवर पडला. म्हशीनं वळून बघितलं. पुन्हा मारला. घण झिणझिणत खांद्यापर्यंत आला. जमिनीवर नुसता एक पांढरा ठिपका उमटला.

"हे असंच आहे," दूधवाला म्हणाला. "खाली खडक आहे. मधेच एक पट्टा. लोहाराकडचे खुंटे वाकले इथं."

"खडक?" दोरवाला म्हणाला. "या बाजूला कुठं खडक आहे?"

त्यानं पायातल्या वहाणा काढल्या. शेण, मूत, गवताचा भुगा, त्यातून त्यानं टाच त्या पट्ट्यावर ठेवली. थंड, गुळगुळीत, दोन्ही बाजूंपेक्षा जरा खोलगट. टाच त्यात अशी बसली की जणू तिच्याच मापानं कुणी कोरून ठेवलंय. तो क्षणभर तसाच उभा राहिला. मग त्यानं गल्लीकडच्या भिंतीला तोंड केलं, हात पोटाशी वाख धरल्यासारखे धरले आणि डोळे मिटले.

"काय करतोयस?" दूधवाला म्हणाला. त्याच्या आवाजातलं लोणी वितळायला लागलं होतं.

दोरवाला मागं चालायला लागला. एक पाऊल, मग दुसरं. टाचेखालून तो खोलगट पट्टा सरळ, किंचित उजवीकडं झुकत जात होता, कारण बापाचा उजवा पाय जरा जड पडायचा आणि चाकावरून ते झुकणं मुलानं आयुष्यभर पाहिलं होतं. म्हैस बाजूला झाली. पट्टा गव्हाणीपाशी आला. तिथं टाच एकदम भुसभुशीत मातीत रुतली. एक खड्डा, वरून शेणमातीनं बुजवलेला. दगडाच्या मापाचा.

दोरवाल्यानं डोळे उघडले. हसला. घायपाताचा चीक अंगाला लागल्यापासून पहिल्यांदाच हसला.

"खडक नाही हा," तो म्हणाला. "बाबा आहेत."

सुईणीला आणि पाणक्याला बोलवायला त्याला जावं लागलं नाही. वांग्यांचा निकाल लावायला सुईण पाणक्याला घेऊन गोठ्याच्या दारातच आली होती. दोरवाल्यानं घण पाणक्याच्या हातात दिला. "इथं भिंतीजवळ खुंटा मार."

पाणक्यानं मारला. दोन घावांत खुंटा लोण्यात सुरी जावी तसा गेला.

"आता इथं मधे मार."

पाणक्यानं थुंकी लावून, पाय रोवून, जी ताकद तो रहाटावर लावायचा ती सगळी लावून घण घातला. खुंट्याचे दोन तुकडे झाले. एक छपरातून वर गेला. तो अजून खाली आलेला नाही असं पाणक्या सांगतो. मी त्याच्या शब्दाची हमी देत नाही, पण छपराला भोक आहे ते मी पाहिलंय.

"चाळीस वर्षं उलट्या पावलांनी तुडवलेली जमीन आहे ही," दोरवाला म्हणाला. "गल्ली इथपर्यंत येते. दगड इथं होता." त्यानं पायानं शेणमाती उकरली आणि खड्डा दाखवला.

सुईणीनं दूधवाल्याकडं पाहिलं. "काय रे? दगड बाहेर, भिंतीपाशी कसा आला?"

"सरकला असेल," दूधवाला म्हणाला. "पावसात."

"कुठल्या पावसात? चूळ भरायला पाणी पडलं नाही यंदा."

"मावशी, गोठा बांधताना चार-सहा पावलं इकडं तिकडं होतात. आंधळ्या माणसानं लावलेला दगड. तो माणूसही गेला होता. मला वाटलं, कुणाला कळणार आहे?"

पाणक्यानं आपली सोललेली बोटं दूधवाल्याच्या नाकासमोर धरली आणि बराच वेळ तशीच धरून ठेवली. शिवी दिली नाही. ते दूधवाल्याला जास्त लागलं.

"पाडा गोठा," सुईण म्हणाली. "आजच."

दूधवाला खाली बसला. म्हशींकडं बघायला लागला. त्याच्या गुबगुबीत गालांवरून घाम हनुवटीवर आला होता आणि तो पुसायचं त्याला सुचत नव्हतं. "उन्हात म्हशी दूध देणार नाहीत," तो कसाबसा म्हणाला. "पोरांना काय घालू?"

सगळ्यांनी दोरवाल्याकडं पाहिलं. गल्ली त्याची होती, दगड त्याच्या बापाचा होता. तो भिंतीशी गेला, तिला हात लावून बघितला, पट्ट्यापासून अंतर नजरेनं घेतलं.

"पाडू नका," तो म्हणाला. "इथं दार पाड. माझ्या खांद्यांइतकं रुंद. आणि मधली म्हैस बाजूला बांध. मला मागून यायला वाट पाहिजे, बाकी छप्पर तुझं."

"गोठ्यातून दोर वळणार?" पाणक्या म्हणाला.

"सावली आहे. बाबांना उन्हात वळावा लागला. मी सावलीत वळीन."

"आणि माझी वांगी?" सुईण म्हणाली.

"मावशी, तुमच्याकडं रोज दूध पोचेल," दूधवाला पटकन म्हणाला.

"बिनपाण्याचं?"

"बिनपाण्याचं."

"बघा," सुईण पाणक्याला म्हणाली, "पाणी कमी झालं की माणसं कशी सुधारतात."

दुसऱ्या दिवशी भिंतीत दार पडलं. दूधवाल्यानं स्वतः पहार चालवली. त्याच्या हातांना पहारीची सवय नव्हती, दुपारपर्यंत फोड आले. दोरवाल्यानं त्याच्या हातांवर घायपाताचा थोडा चीक चोळून दिला, औषध म्हणून. ते औषध आहे का नाही ते मला माहीत नाही. दूधवाला संध्याकाळपर्यंत खाजवत होता. दगड दोघांनी मिळून उचलला, पालथा करून पाहिला. त्याची एक कड झिजून चकचकीत झाली होती, जिथं टाच लागायची तिथं. ती कड गल्लीकडं करून त्यांनी तो जुन्या खड्ड्यात बसवला, आणि गव्हाण मागं सरकवली.

बाजाराच्या आदल्या दिवशी दोरवाल्यानं कमरेला वाख गुंडाळला. बायको चाकावर बसली. गल्लीच्या कुंपणालगत पाणक्या, सुईण, घागरीवाल्या बायका, आणि मीही होतो. आम्ही सगळे गप्प होतो, आणि ही गोष्ट मी आजवर सांगितलेल्या सगळ्यांत अविश्वसनीय आहे.

"पीळ किती देऊ?" बायकोनं विचारलं.

"नेहमीचा. हात चुकले नव्हते."

चाक फिरायला लागलं. त्यानं डोळे मिटले. मागं मागं चालला. गवत, मग उघडी माती, मग जिथं आधी दोनदा थांबला होता ती जागा. तिथं पाऊल जरा अडखळलं. मग पाठीला सावली लागली. भिंतीच्या दोन्ही कडा खांद्यांना घासून गेल्या. शेणाचा वास आला, डाव्या कानाशी एका म्हशीचा श्वास आणि उजव्या कानाशी दुसरीचा. बोटं वाख सोडत होती, ओढा एकसारखा येत होता. टाचेखाली ती थंड खोलगट वाट होती आणि ती त्याला धरून नेत होती. लहानपणी त्यानं बापाचं बोट धरून त्याला बाजारात न्यावं, तसं.

टाच दगडाला लागली.

तो थांबला. चाकावर बायको वाट बघत होती. इतक्या लांबून गोठ्याच्या अंधारातला तो तिला दिसत नव्हता. ती चाक फिरवत राहिली, पदर ताणला जायला लागला, त्याच्या हातात कुरकुरायला लागला.

"पोचलो," दोरवाला म्हणाला.

आवाज गोठ्यातून निघून सबंध गल्लीभर गेला. सुईणीनं पदरानं तोंड पुसलं आणि धूळ गेली म्हणाली. बायकोनं चाक थांबवलं.

दुसऱ्या दिवशी विहिरीवर दोर चढला. पाणक्यानं पोहरा सोडला. दोर जात राहिला, जात राहिला, रहाट कुरकुरत राहिला, आणि मग खालून पोहरा भरल्याचा तो जड, गार आवाज आला. वर अजून दोन वेढे शिल्लक होते.

"जास्तच झाला की रे," पाणक्या म्हणाला. त्याला कुरकुर केल्याशिवाय पाणी वर येत नसे.

"राहू दे," दोरवाला म्हणाला. "अजून ऊन आहे. बाबांनी ते लांबीत धरलंय."